विषय: क्लासिकल ख्रिस्ती शाळेत थिऑलॉजी (ईश्वरशास्त्र) शिकवायची आहे, मार्गदर्शन हवंय

नमस्कार मंडळी,

मराठी मंडळाच्या हळदीकुंकू आणि तिळगुळाच्या मेलांमध्ये ही मेल वेगळी वाटेल, पण मराठीत विचारायला मला दुसरी जागा नाही.

मी मूळची नगरची (आताचं अहिल्यानगर). आजोबा पाळक होते, आई संडे स्कूल घ्यायची. पुण्यात सेरामपूरची बी.डी. (थिऑलॉजीची पदवी) केली, नंतर तीन वर्षं नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवलं आणि गेल्या मे महिन्यात इथे डॅलसजवळ टीएच.एम. (त्याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण) पूर्ण केलं. ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची परवानगी) जूनमध्ये संपतो. आमचा विषय स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) बसत नाही, त्यामुळे पुढचे चोवीस महिने मिळणार नाहीत. सध्या एका चर्चमध्ये आठवड्याला वीस तास शिकवते.

मला क्लासिकल ख्रिस्ती शाळेतच, म्हणजे लॅटिन, पाठांतर, जुने ग्रंथ आणि वाद यांवर भर देणाऱ्या शाळेत, शिकवायचं आहे. मागच्या वर्षी अशा एका शाळेत दिवसभर बसले होते. तिसरीची मुलं लॅटिनची रूपं तालावर म्हणत होती आणि मला 'देवः देवौ देवाः' आठवलं. त्याच शाळेत अकरावीची मुलं ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंतावर भांडत होती, खरंखुरं भांडत होती, पुस्तक उघडून. असा वर्ग मला हवा आहे.

अडतं ते एका प्रश्नावर: "तुमचा संप्रदाय कोणता?" मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. एका मुलाखतीत विचारलं, "म्हणजे अँग्लिकन?" मी म्हटलं, नाही, आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नसलेल्या, प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायच्या परंपरेचं. मग आता तुमच्याकडे बिशप कसे? मी सांगत गेले आणि गोंधळ वाढत गेला. पुढे त्यांचं उत्तर आलं नाही. श्रद्धेच्या निवेदनावर (शाळा काय मानते त्या कागदावर) सही करताना हे कसं मांडावं? आणि बाईने वरच्या वर्गांना थिऑलॉजी शिकवलेली चालते का?

आपली,
नगरकर (सध्या डॅलस)

———

ख्रिस्तात सलाम, बेटी.

मी ह्यूस्टनजवळच्या अशाच एका शाळेच्या बोर्डावर नऊ वर्षं होतो आणि बऱ्याच मुलाखतींना बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोपं ते. टेक्ससमध्ये खासगी शाळेला राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र लागत नाही, त्याच्यामागे धावू नकोस. सेरामपूरची बी.डी. म्हणजे काय हे मात्र इथे कुणाला ठाऊक नसतं. पदवीचं मूल्यांकन करून घे आणि पत्रात एक ओळ टाक की सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये मिशनरी विल्यम कॅरी आणि सहकाऱ्यांनी काढलं. कॅरीचं नाव या लोकांना चांगलं माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. तू संप्रदायाचा प्रश्न अडचण म्हणून मांडते आहेस. मला ती तुझी सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

या शाळा एका प्रकारच्या नसतात. काही एखाद्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या असतात, तिथे वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी, १०७ प्रश्न, मुलं पाठ करतात. काही बाप्टिस्ट विचारांच्या. पण पुष्कळ शाळांत वेगवेगळ्या चर्चची कुटुंबं एकत्र असतात. तिथे नियम साधारण असा की विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या जुन्या, सामायिक वचनात) आहे ते ठामपणे शिकवायचं. बाप्तिस्मा लहानपणी की कळत्या वयात, यासारख्या प्रश्नांवर दोन्ही बाजू नीट मांडायच्या आणि निकालासाठी मुलाला घरी, त्याच्या पाळकाकडे पाठवायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात चांगले चांगले शिक्षक इथेच घसरतात, कारण त्यांनी दुसरी बाजू फक्त पुस्तकात वाचलेली असते.

आणि तू कुठून आलीस? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली, त्यातून आपलं चर्च झालं. अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले, ब्रदरन आले, नगरचे आपले काँग्रिगेशनल लोक युनायटेड चर्चमधून आले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य ठेवल्या. इथले शिक्षक ज्यावर वाद घालतात, ते तू एकाच बाकावर बसून पाहिलं आहेस. हे सांग. "आम्ही काहीसे अँग्लिकन" असं सांगू नकोस, १९७० सांग.

निवेदन मात्र सही करण्याआधी दोनदा वाच. एखादं कलम पटत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचार, "यावर माझं मत असं आहे, वर्गात मी ते लादणार नाही, चालेल का?" काही नाही म्हणतील. तिथे तू सुखाने शिकवू शकली नसतीस. सही बहुतेक ठिकाणी दरवर्षी करावी लागते, म्हणून मनात किंतू ठेवून करू नकोस.

बाईने शिकवण्याबद्दल: काही शाळांना चालत नाही. पहिल्याच फोनवर सरळ विचार, त्यात संकोच नको. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. तुझा वारसा तो आहे.

काका, ह्यूस्टन

———

नगरकर ताई,

मी ख्रिस्ती नाही, मंडळाच्या शाळेत संस्कृत शिकवते. माझी दोन्ही मुलं प्लेनोजवळच्या क्लासिकल शाळेत आहेत, पाठांतर आणि भाषा यांसाठी तिथे घातली. त्यामुळे पालकांच्या बाजूने एकच लिहिते: सगळं ठरतं नमुना-पाठावर, म्हणजे उमेदवाराने प्रत्यक्ष वर्गावर घेऊन दाखवलेल्या तासावर. मागच्या वर्षी एका उमेदवाराने चाळीस मिनिटं उत्तम व्याख्यान दिलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "सर छान होते, पण आम्हाला बोलूच दिलं नाही." त्या वयाची मुलं वादासाठी आसुसलेली असतात, आणि या पद्धतीत तो टप्पाच वादाचा मानतात.

तुमच्या डोक्यात कुठला पाठ आहे? हवं तर माझ्याकडे शनिवारी मंडळाची सात-आठ मुलं असतात, त्यांच्यावर करून बघा.

प्लेनोहून

———

व्हिसाबद्दल थोडक्यात. एच-१बीची (नोकरीच्या व्हिसाची) नोंदणी मार्चमध्ये असते आणि शाळा विद्यापीठाशी संलग्न नसेल तर लॉटरीतून जावं लागतं. नाव लागलं आणि ओपीटी संपण्याआधी अर्ज गेला तर मधल्या काळात काम चालू ठेवता येतं. म्हणजे फेब्रुवारीअखेर होकार हातात हवा. दुसरी वाट आर-१ची (धार्मिक कामाच्या व्हिसाची): त्यात संस्था करमुक्त धार्मिक हवी, आणि तुम्ही त्याच संप्रदायाचे किमान दोन वर्षं सभासद हवेत. एकूण मुदत पाच वर्षांची. तुमच्या बाबतीत 'तोच संप्रदाय' हेच कठीण जाईल, तेव्हा वकिलाला चर्चचा १९७० चा इतिहास आधी सांगा.

ऑस्टिनहून

———

काका, ताई, दादा,

काकांची मेल आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, आणि शेजारच्या मावशींचा एकविसाव्या वर्षी, त्याच चर्चमध्ये." हे मी विसरूनच गेले होते.

पत्रातला परिच्छेद असा केला आहे: "मी ज्या चर्चमध्ये वाढले त्यात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा दोन्ही मानतात. दोन्ही बाजूंची माणसं मी जवळून ओळखते, म्हणून कुठलीही बाजू मुलांपुढे हलकी करून मांडणार नाही."

पाठ नायसियाच्या चर्च-परिषदेचा घेणार आहे. ३२५ च्या परिषदेनंतर पन्नासेक वर्षं वाद चालला, त्यात एका टप्प्यावर 'होमोऊसिओस' की 'होमोइऊसिओस', म्हणजे ख्रिस्त देवपित्याशी 'तत्त्वाने एकच' की 'तत्त्वाने सारखा', असा प्रश्न होता. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा. फळ्यावर दोन्ही शब्द लिहून मुलांना विचारणार, ते अक्षर घातलं तर काय हरवतं? पहिली दहा मिनिटं मी बोलणार नाही.

ताई, या शनिवारी दहा वाजता येऊ का? खडू आणते.

नगरकर