मदत हवी आहे : मुद्रिते तपासताना कोणते संगीत लावावे?

माझे काम मुद्रितशोधनाचे असून सलग ३-४ तास मजकूर वाचावा लागतो, आणि आजूबाजूचे बोलणे कानावर पडू नये म्हणून मी हेडफोन लावून संगीत ऐकतो. अडचण अशी की गाण्यात शब्द असले की डोळे ओळीवरून पुढे सरकतात, पण मन ध्रुवपदातच घुटमळते. काल ‘दिन’च्या जागी पडलेला ‘दीन’ नजरेतून निसटला, आणि तोही शीर्षकात!

म्हणून केवळ वाद्यसंगीताकडे वळलो. बासरीचा आलाप छान चालतो, मात्र द्रुत लयीत तबला रंगात आला की माझी बोटे टेबलावर ठेका धरतात. सर्व कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) सारखीच तीव्रता असलेला व्हाइट नॉइज हा एकसुरी आवाज बोलणे झाकतो खरा, पण तासाभरात कान शिणतात. त्यामानाने खर्जाकडे झुकणारा ब्राउन नॉइज सुसह्य वाटला, तरी तो फारच रुक्ष आहे.

मिनिटाला साधारण ६० ते ७० ठोक्यांच्या संथ लयीचे, अचानक चढउतार नसलेले आणि किमान तासभर सलग चालणारे वादन कोणी सुचवू शकेल का? शिवाय वाचनाचे काम करणाऱ्यांनी आपण आवाज किती ठेवता आणि मध्ये शांततेचा खंड घेता का, हेही कृपया सांगावे.