पाट्यावरचा पेस्टो: तुमचेही अनुभव लिहा

रातांबा
काल संध्याकाळी लाइट गेली ती साडेनऊपर्यंत आलीच नाही आणि लेकीला पास्त्यावर पेस्टोच (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) हवा होता. मिक्सर बंद. मग मागच्या पडवीत आई गेल्यापासून भिंतीला टेकून ठेवलेला पाटा आडवा केला, धुतला. परसातल्या सब्जाची कोवळी पानं खुडली (बेसिल नि सब्जा जात एकच, वाण वेगळा). आधी लसूण नि खडेमीठ, मग काजू, मग पानं, पाण्याचा थेंब नाही. वरवंटा फिरला आणि लवंगेसारखा, जरासा बडीशेपेसारखा वास आला आणि आईच दिसली हो, पदर खोचून बसलेली, वाटप वाटताना कडेचं बोटाने आत ओढणारी. बघते तर माझं बोटही तसंच फिरत होतं, मला कोणी कधी शिकवलं नव्हतं. लेक टॉर्च धरून उभी होती, ती काही बोलली नाही. रंग मात्र मिक्सरपेक्षा कितीतरी हिरवा राहिला. कुणी हाताने केलाय का? लिहा.

मीठभाकर
केलाय!! मिक्सरचं पातं तापतं, पानं चिंधड्या होऊन हवा लागते, म्हणून काळा पडतो. मिक्सरच वापरायचा तर भांडं नि तेल आधी फ्रीजरमध्ये ठेवा. आईबद्दल वाचून गलबलून आलं.

खाडीकाठ
मी जहाजावर होतो, इटलीतल्या जेनोव्हा बंदरात चार दिवस थांबलो होतो. पेस्टो तिथलाच. एका छोट्या खानावळीत आजीबाई संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने करत होत्या, ठोकत नव्हत्या हं, खलाच्या कडेला घासून गोल फिरवत होत्या, दुसऱ्या हाताने खल उलट्या दिशेला. नावच मुळी कुटणे या शब्दावरून. काजूच्या जागी चिलगोज्यासारखे पाइन नट्स, चीज दोन, पार्मेजान जास्त नि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो कमी, शेवटी ऑलिव्ह तेल. पास्त्याबरोबर बटाटा नि फरसबी उकडतात! आणि पेस्टो गॅसवर चढवायचा नाही, पास्त्याचं थोडं पाणी घालून सैल करायचा. तिथल्या बेसिलला 2005 मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला 2018 मध्ये मिळालं तसंच. मला त्या आजीबाई आमच्या काकीसारख्याच वाटल्या, ताटात अजून वाढल्याशिवाय सोडेनात.

तिरफळ
बाय गो, डोळ्यांत पाणी इला. आमच्याकडे पाटो रोज लागता, माशाच्या कढयेक मिक्सरातला वाटाप घोवाक चालणा नाय. झिलान मुंबैसून येताना पेस्टोची बाटली हाडल्यान, तेवा कळला ह्या काय ता. मग ओल्या काजूगरांचो करून बघितलंय, पण पाणी सुटला नि घट्ट रवलो नाय. सुकेच घाला. आणि पाट्याक मसाल्याचो वास आसलो तर आधी मूठभर तांदूळ वाटून टाका, नायतर पेस्टोक बांगड्याचो वास येतलो.

मीठभाकर
तांदळाची युक्ती भारी @तिरफळ. ओले काजूगर सोलताना हाताला काय लावता? माझी बोटं गेल्या मेमध्ये चिकाने सोलवटली.

तिरफळ
खोबरेल. भरपूर. राख पण चालता.

पडवी
मी एकदा वृंदावनातली तुळस घालून केला, सासूबाईंना फार लागलं, म्हणाल्या तिथली पानं पूजेची. त्यांचं बरोबर होतं, परत नाही तोडली. चवही उग्र आली, घशाला झोंबली. आता कुंडीत सब्जा लावलाय, तुरा आला की लगेच खुडते, नाहीतर पानं कडवट होतात.

रातांबा
@खाडीकाठ घासून फिरवायचं ते आज करून बघते. @पडवी मी तुरे खुडलेच नव्हते!! आणि सगळ्यांना विचारायचं होतं, पाटा मधे अगदी गुळगुळीत झालाय, पानं घसरतात. टाकी मारून देणारा कोणी आहे का, कणकवली कुडाळकडे?

तिरफळ
आमच्या आठवडी बाजारात येता एक म्हातारो, वडाखाली बसता. पण पावसाच्या आधी गाठ, मागीर तो घाटार जाता.