‘तुला वाटेल ते घे’: मोकळीक मिळाली की माणूस का घाबरतो?

गोकुळपेठची_सून
सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. परवा नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात हातात थैली घेऊन उभी होते. समोर तुरीच्या ओल्या शेंगांचा, म्हणजे सोल्यांचा ढीग, बाजूला सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या. नवऱ्याला फोन लावला, "सोले घेऊ का पालक?" तो म्हणाला, "तुला वाटेल ते घे." वीस वर्षं हेच ऐकायला तरसले होते, आणि ऐकल्यावर रडू आलं.

सांगितलेली भाजी बिघडली तर दोष सांगणाऱ्याचा. स्वतः ठरवली तर आपला. तो दोष झेपत नाही म्हणूनच माणसं बुवाला, नेत्याला, घरातल्या मोठ्यांना शरण जातात, असं माझं मत झालंय.

इंदोऱ्याचा
ताई, अनुभव खरा, पण मत पटलं नाही. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, लाखोंनी घेतल्या. घरी आल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव कन्हान नदीत सोडले. आजी सांगायची, त्या रात्री ते गाढ झोपले. कुठलं ओझं? लोक दबतात ते पोटासाठी. ज्याची मजुरी दुसऱ्याच्या हातात, त्याला "तुला स्वातंत्र्य झेपत नाही" म्हणणं हा अन्याय आहे.

धंतोलीकर
भाऊ, पोटाचा प्रश्न नसला तरी माणसं ऐकतात. १९६१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मिलग्रम यांनी प्रयोग केला. शेजारच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी वाढवत. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. पैसे नुसतं आल्याबद्दल मिळणार होते, मधेच उठलं तरी. तरीही ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. जबाबदारी कोणाची, असं विचारलं की प्रयोग घेणारा म्हणायचा, माझी. ताई म्हणतात ते हेच.

इंदोऱ्याचा
मग त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकारही सांगा ना. सोबत बसवलेल्या दोघांनी "आम्ही नाही देणार" म्हटलं, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. माणूस तोच, फक्त एकटा नव्हता. आजोबा एकटेच देव घेऊन नदीवर गेले असते तर गावाने जगू दिलं नसतं. त्या दिवशी वस्तीच सोबत होती. मोकळीक जड नसते ताई, एकटं पडणं जड असतं.

गोकुळपेठची_सून
एकटेपणाचं पटलं, दादा. पण त्या चौघांचं काय? त्यांच्या शेजारी तर नकार देणारे बसलेच होते. मलाही बाजारात कोणी वाळीत टाकणार नव्हतं, घरात रागावणारंही कोणी उरलं नाही. तरी हात शेंगांवरून मागे आला. ती भीती बाहेरची नव्हती, इतकं मी खात्रीने सांगते.

सोले घेतले शेवटी. भाजीत मीठ जास्त झालं. जेवताना कोणीच काही बोललं नाही आणि मी मात्र तीनदा म्हटलं, "यांनीच सांगितलं होतं, वाटेल ते घे म्हणून."