पिनबॉल निव्वळ नशिबाचा खेळ नाही

एकांनी लिहिलंय, पिनबॉल, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पाटावर पोलादी गोळी खेळवायचं मशीन, म्हणजे नुसतं नशीब. मला नाही पटलं. पूर्वी तसंच होतं, घरच्या खिळ्यांच्या बॅगाटेलसारखं: गोळी सोडायची आणि बघत बसायचं. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनमध्ये फ्लिपर (बटण दाबलं की उडून गोळीला परत मारणाऱ्या छोट्या पट्ट्या) आले आणि खेळ हातात आला. नशिबाचा जुगार म्हणून न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर असलेली बंदीही १९७६ साली उठली, रॉजर शार्प या खेळाडूनं आधी सांगून नेमक्या वाटेनं गोळी मारून दाखवल्यावर.

मी उद्यमनगरात लेथवर असतो, त्यामुळं माझा जीव आतल्या कामात अडकतो. पोलादी गोळी साधारण २७ मिमीची, हातात घेतली तर थेट बेअरिंगचीच वाटावी. फ्लिपर उचलणाऱ्या विजेच्या कॉइलला दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची दोन वेटोळी. उचलताना जाड तारेचं जोर लावतं. फ्लिपर वर पोचला की स्विच सुटतो आणि बारीक तारेचं त्याला नुसतं धरून ठेवतं. म्हणून बटण दाबून ठेवलं तरी कॉइल जळत नाही. काय डोकं लावलंय!

आणि टिल्ट बघा, म्हणजे मशीन जास्त हलवलं की ओळखणारी सोय. पेटीत गवंड्याच्या ओळंब्यासारखं वजन एका कड्यात लटकतं. मशीनला हलका धक्का दिला तर चालतो, गोळी वाचते. वजन कड्याला टेकलं की ती गोळी गेली. तो धक्का किती द्यायचा, हे मनगटालाच कळतं.