जॅझ फ्युजन: महाविष्णू आणि शक्तीच्या पुढे काय ऐकावं?

तिहाई:
गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचे दोन बँड, महाविष्णू ऑर्केस्ट्राचे सुरुवातीचे अल्बम आणि शक्ती, दोन्ही पाठ झालेत. ॲपवर जॅझ फ्युजनचा (रॉक आणि इतर शैली मिसळलेल्या जॅझचा) रेडिओ लावला की तीन-चार ट्रॅकमध्ये गाडी गुळगुळीत सॅक्सोफोनवर येऊन थांबते. नवे वादक शोधायची खात्रीची पद्धत आहे का? लय अवघड हवी. तबला नसला तरी चालेल.

ठेका_धरून:
त्या लेबलाखाली स्मूथ जॅझही भरलेलं असतं, म्हणून तसं होतं. कव्हरवरचं नाव सोडा, साथीदार धरा. फ्युजनवाले सतत एकमेकांच्या अल्बमवर वाजवतात. डिस्कॉग्सवर (अल्बमच्या नोंदींची वेबसाइट) अल्बमचं पान उघडा, खालच्या क्रेडिट्समध्ये (कोणी काय वाजवलं त्या यादीत) वादकाच्या नावावर क्लिक करा आणि त्याच्या पानावर पुन्हा क्रेडिट्स निवडा. त्यानं इतरांकडे काय काय वाजवलंय ते तिथे दिसतं.

तुमच्याच अल्बमवरून बघा. १९७१ च्या 'द इनर माउंटिंग फ्लेम'वर कीबोर्डला यान हॅमर. तोच १९८० मध्ये गिटारवादक जेफ बेकच्या 'देअर अँड बॅक'वर आहे, आणि त्या अल्बमवर ड्रम्सला सायमन फिलिप्स. फिलिप्सचं नाव धरून पुढे गेलात की २०११ चा पियानोवादक हिरोमी उएहाराचा 'व्हॉइस' लागतो, बासला अँथनी जॅक्सन. तीन अल्बममध्ये चाळीस वर्षं! तुम्हाला हवी तशी लय हिरोमीकडे भरपूर आहे.

मात्रा१०:
पद्धत उत्तम, पण दोन ठिकाणी घोटाळा होतो. एकाच नावाचे अनेक कलाकार असले की डिस्कॉग्स नावापुढे कंसात आकडा देतं. तो न बघता गेलात तर भलत्याच माणसाची यादी चाळत बसाल. दुसरं म्हणजे, संकलनांच्या नोंदीत बरेचदा वादकांची नावंच नसतात. मूळ वर्षाची एलपी उघडा.

मॅक्लॉफ्लिनच्या 'फोर्थ डायमेन्शन' या बँडमधले ड्रमर रणजित बारोट आपल्या मुंबईचे. त्यांचा 'बडा बूम' (२०१०) ऐकाच. बासिस्ट मोहिनी डेसुद्धा मुंबईचीच.

खर्ज:
यात स्नार्की पपी या बँडचा 'वी लाइक इट हिअर' (२०१४) घाला. नेदरलँड्सच्या उट्रेख्तमध्ये प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झालाय आणि व्हिडिओ आहेत, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते दिसतं. त्यातल्या 'लिंगस'ची सुरुवात पाच मात्रांत आहे. कोरी हेन्रीचा कीबोर्ड सोलो सुरू झाला की मोजणी सुटते, कारण कान त्याच्यामागे धावतो. तेव्हा बोटांवर मात्रा मोजत फक्त लार्नेल लुइसचे ड्रम्स ऐका. दुसऱ्या फेरीत सोलो ऐका.