'इरातुस' आणि 'इराकुंदुस' : दोन्ही 'रागीट'च का?

प्रश्न : या दोन्ही लॅटिन विशेषणांसाठी मराठीत 'रागीट' चालेल का?

उत्तर : नाही चालणार. इरातुस म्हणजे रागावलेला, इराकुंदुस म्हणजे रागीट, तापट. मूळ एकच, 'इरा' (राग). पण पहिल्याचं रूप धातुसाधिताचं आहे, 'इरास्कोर' (मी रागावतो) या क्रियापदाशी जोडलेलं. त्यात आत्ताची अवस्था येते. दुसऱ्यातला '-कुंदुस' प्रत्यय मुरलेली वृत्ती दाखवतो. 'वेरेकुंदुस' म्हणजे भिडस्त, त्यातही तोच. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. 45 मध्ये लिहिलेल्या 'तुस्कुलान संवादां'च्या चौथ्या भागात हा फरक झिंगलेला असणं आणि दारुडा असणं यांच्या जोडीने समजावला आहे. मराठीत ही सोय आयतीच आहे, मग ती का घालवायची?

पुरवणी : त्याच ठिकाणी 'आंक्सिउस'ही येतो : चिंतातुर नव्हे, चिंताळू. धातू 'आंगो', म्हणजे आवळणे, गळा दाबणे. संस्कृत 'अंहस्' (संकट, पाप) याच कुळातला.

प्रश्न : आणि 'मोरोसुस'? इंग्रजी 'मोरोस'वरून मी 'खिन्न' लिहिलं होतं.

उत्तर : तिथेच घोळ होतो. सिसेरो म्हाताऱ्यांच्या दोषांत हा शब्द घालतो तेव्हा अर्थ असतो किरकिरा, कशानेच समाधान न होणारा. मूळ 'मोस', षष्ठी 'मोरिस' : रीत, आणि मर्जीसुद्धा. 'मोरेम गेरेरे' म्हणजे हुबेहूब आपलं 'मर्जी राखणे'. त्याला '-ओसुस' (भरलेला) लागला की झाला आपल्याच मर्जीचा माणूस. यातला पहिला 'ओ' दीर्घ. 'मोरा' (विलंब) मधला ऱ्हस्व. त्यावरून उत्तरकाळी दुसराच 'मोरोसुस' (रेंगाळणारा) झाला. इटालियनमध्ये 'मोरोझो' म्हणजे थकबाकीदार, तो या दुसऱ्याचा वंशज. म्हणून कोशात स्वरावरची आडवी रेघ (दीर्घ स्वराची खूण) पाहिल्याशिवाय अर्थ उचलू नका.

प्रश्न : 'फेरोक्स'चं स्त्रीलिंगी रूप 'फेरोका' होईल ना?

उत्तर : होणार नाही. प्रथमा एकवचनात तिन्ही लिंगांत फेरोक्सच. अंग (ज्याला पुढचे प्रत्यय लागतात तो भाग) कळतं षष्ठीवरून, 'फेरोकिस'. पाठ करताना ही जोडी एकत्रच करा. 'फेरुस' (रानटी) अधिक डोळा-वाचक अंश, म्हणजे रानटी नजरेचा. हा अंश आणि संस्कृत 'अक्षि' एकाच मुळाचे. मात्र दरवेळी 'क्रूर' लिहू नका. सैनिकाबद्दल असेल तर बहुधा 'बेडर' किंवा 'मगरूर' बसतं. क्रूरासाठी 'साएवुस' वेगळा आहे.