पोलिसांच्या छातीवर कॅमेरा: बटण कुणाच्या हातात?

तालमीतला: परवा एका चौकात हेल्मेटवरनं एका पोराची आन् हवालदाराची जुंपली. पोरगं म्हणतंय शिवी दिली, हवालदार म्हणतोय यानंच पहिल्यांदा कॉलर धरली, आणि बाजूच्या वडापवाल्यानं काढलेल्या व्हिडिओत नुसती शेवटची ढकलाढकली. सांजच्याला तेवढाच तुकडा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. माझं म्हणणं, रस्त्यावर ड्युटी करणाऱ्या प्रत्येक पोलिसाला बॉडी कॅमेरा द्याच, सुरुवात कुणी केली ते तरी कळंल.

नववी गल्ली: कायबी कळणार न्हाई भावा. नेमक्या त्याच टायमाला चार्जिंग संपल्यालं असणार बघ. सुप्रीम कोर्टानं 2 डिसेंबर 2020 ला सांगितलं, प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवा, लॉकअपपासनं गेटपर्यंत, आणि फुटेज 18 महिने ठेवा. पुढं काय झालं? सप्टेंबर 2025 मध्ये कोर्टालाच स्वतःहून परत विचारायची पाळी आली की कॅमेरे चालू का न्हाईत म्हणून. भिंतीवरचा कॅमेरा चालू राहत न्हाई आणि म्हणं छातीवरचा राहणार!

तालमीतला: अमेरिकेत रियाल्टो म्हणून एक गाव आहे, तिथं 2012 ला करून बघितलं, कॅमेरा लावलेल्या शिफ्टमध्ये बळाचा वापर निम्म्यावर आला आणि तक्रारी तर लईच कमी झाल्या.

नववी गल्ली: आन् वॉशिंग्टनचं कोण सांगणार? तिथं दोन हजारांच्या वर पोलीस घेतले, निम्म्यांना कॅमेरे, निम्म्यांना न्हाई, 2017 ला निकाल आला तर दोघांत सांगण्यासारखा फरकच न्हाई. रियाल्टो चिमूटभर गाव, पन्नासभर पोलीस.

पोलीस लाईनीतली: आमच्यात हे हवालदार आहेत म्हणून बोलते. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येतोय, तवर कुठली बॅटरी टिकणार? दारू पिऊन अंगावर आलेल्याचा व्हिडिओ कोण काढत न्हाई हे खरं, त्यासाठी कॅमेरा असलेला बराच. पण वरचे साहेब उद्या बसून बघणार, पाच मिनिटं चहाला टेकला की मेमो. लघवीला जाताना बंद केला तरी विचारणार का बंद केला. तुमचं सगळं खालच्या माणसावरच का असतंय भाऊ?

कोर्टाच्या पायरीवरनं: वहिनी, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण रेकॉर्डिंग आता टळत नाही. 1 जुलै 2024 पासनं नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यातल्या कलम 105 प्रमाणं झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग करायलाच लागतं आणि ते मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. मोबाईलवर केलेलं चालतं, पण सर्कारी कॅमेऱ्यातनं फुटेज थेट सर्व्हरवर गेलं तर आम्हाला उलटतपासात 'मधला भाग कापला' असं म्हणायला वाव कमी, आमचंच नुकसान 😄 आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचं अर्धं मिनिट पण साठतं, तालमीतल्याचं भांडण त्यात सापडलं असतं, फक्त त्या अर्ध्या मिनिटात आवाज नसतो सहसा. म्हणजे शिवी दिली का नाही ते राहिलंच.

नववी गल्ली: झालं मग! भांडण शिवीचंच हुतं की.

रंकाळ्याकडची: तुम्ही सगळे चौकातलंच बोलताय. नवरा मारतोय म्हणून एखादी बाई रात्री फोन करते, पोलीस घरात येतात, ती नाईटीवर, पोरं रडतायत, ते सगळं रेकॉर्ड होणार आणि ते फुटेज कोण कोण बघणार? आपल्याकडं काय काय व्हॉट्सअॅपवर फिरतं माहिती आहे ना. अशा वेळी तिनं बंद करा म्हटलं तर बंद केलाच पाहिजे.

तालमीतला: ताई पटतंय, पण बंद करायची सोय दिली की नववी गल्ली म्हणतोय तेच हुणार.

रंकाळ्याकडची: मग बंद का केला ते बंद करतानाच कॅमेऱ्यासमोर बोलून सांगायचं. आणि फुटेज कुणी उघडलं त्याची नोंद, नावासकट, ती अर्ज केल्यावर त्या बाईला मिळाली पाहिजे. हे दोन नियम आधी लिहून द्या, मग वाटा कॅमेरे.

नववी गल्ली: एवढं लिहून दिलं तर माझा विरोध मागं. देत्यात व्हय पण?

पोलीस लाईनीतली: आणि चार्जिंगला लावायचे कुठं तेबी लिवा त्यात. ठाण्यात मोबाईलला प्लग मिळत न्हाई ह्यांना.